गुलाबी लांबी

सकाळी दुधावरचं झाकण काढलं आणि माझं डोकंच फिरलं. सायीवर पिवळे ठिपके. पातेल्यावर झाकण होतं, झाकणावर फडकं होतं, फडक्यावर वजन म्हणून दगड ठेवला होता, तरी मेला रंग आत शिरलाच.

"अहो!" मी चुलीपुढूनच ओरडले. "या इकडे. तुमचा रंग प्यायला या."

आमचे हे बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडत होते. ते फुसफुसणं थांबल्याशिवाय त्यांना काही ऐकू येत नाही, आणि थांबल्यावरसुद्धा त्यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं. हात पुसत दारात आले, पातेल्यात डोकावले.

"वरची साय काढून टाक. खालचं चांगलं आहे."

"मग तुम्हीच प्या खालचं."

"पितो की. आण इकडे."

आणि खरंच प्यायले हो! उभ्या उभ्या, पातेलं तोंडाला लावून. वर मिशी पुसून म्हणतात, "काही वास येत नाही." येईल कसा? पंधरा वर्षं थिनर हुंगून नाकाचं पार वाटोळं झालंय. मी मागच्या दारी जाऊन चूळ भरली, तर घंगाळातल्या पाण्यावरही पिवळा तवंग.

आधी बरं होतं. हे मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजात कामाला होते. काय रंगायचं ते तिकडे रंगायचे आणि संध्याकाळी माणसासारखे घरी यायचे. गॅरेज बंद पडलं आणि मालकानं हिशेबाच्या बदल्यात यांना रंग फवारायचा कॉम्प्रेसर दिला. तो घरात आला तसं आमचं घर गेलं. अंगणात पत्रे उभे राहिले, आडव्या वाशाला साखळी लागली, आणि साखळीला काय काय लटकायला लागलं विचारू नका. नांगराचे फाळ, मळणीयंत्राची चाकं, ट्रॅक्टरची तोंडं, खडीयंत्राचे जबडे. एकेक तुकडा असा की चार माणसं लागावीत उचलायला. माझी पांढरी कोंबडी होती, ती आता पिवळी आहे. अंडी तेवढी पांढरी देते, तेच नशीब. वाळत घातलेले कपडे खडबडीत होतात, नाक शिंकरलं तर फडक्यात रंग निघतो, आणि माझी नणंद यायची म्हटलं की आधी विचारते, "आज रंगाची गन चालू आहे का बंद?" 

पण काम चोख हं. खोटं कशाला बोलू? उन्हात वाळल्याशिवाय ओल्या लोखंडाला हात लावणार नाहीत. आधी डिझेलनं ग्रीस धुवायचं, मग तारेच्या ब्रशनं गंज काढायचा, मग पॉलिशपेपर. नटाच्या भोकात कागदाचे बोळे, गुळगुळीत भागाला ग्रीसचा हात, म्हणजे रंग तिथे चिकटत नाही. गन धरायच्या आधी जमिनीवर पाणी शिंपडायचं, धूळ उडू नये म्हणून. पहिला तांबडा प्रायमर, तो सुकला की खड्डे बुजवायला लांबी भरायची, पुन्हा घासायचं, पुन्हा प्रायमर, आणि मग पिवळा. लांबीसुद्धा विकतची नाही. विकतची पांढरी असते, ती सुकल्यावर आकसते म्हणे. हे खडूची पूड आणि तेल घरी मळतात, त्यात चिमूटभर तांबडा रंग टाकतात. ती होते गुलाबी. या पंचक्रोशीत गुलाबी लांबी भरणारा दुसरा रंगारी नाही, हे ते येईल त्याला सांगतात.

रंगारी म्हणून नाव यांचं. खरवडायचं काम माझं. पटाशी आणि हातोडी घेऊन जुना रंग, गंज, ग्रीसची लेपटं काढायची, ती मी. माझ्या नखांत बारा महिने काळं असतं.

त्या दिवशी उरलेलं दूध ओतून दिलं आणि हात धुते न धुते तोच टेंपो दारात लागला. पुढून पिवळेशेठ उतरले. खरं आडनाव वेगळंच आहे, पण जुनी यंत्रं उचलायची, पिवळी करायची आणि नव्याच्या तोऱ्यात विकायची हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे पिवळेशेठ म्हणतात. आमच्याकडे येणारं निम्मं काम त्यांचंच.

"वहिनी, चहा टाका," ते म्हणाले. "आज मोठं काम आणलंय."

मोठं म्हणजे यारी. विहीर खणताना वर उभी करतात ते यंत्र. लांब लोखंडी दांडा विहिरीवर झुकलेला असतो, त्याच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून तारेचा दोर, आणि दोराला लोखंडी बादली. खाली माणसं दगड फोडून बादली भरतात, वर एकजण ब्रेकवर बसून ती ओढून घेतो. दोर गुंडाळायच्या ड्रमासकट दांडा सुटा करून आणला होता. त्याच्या बुडाला बोटभर जाडीचे दोन कान, त्यांतून खिळा घालून तो दांडा यंत्राला अडकवतात. सगळा भार त्या दोन कानांवर.

पाच जणांनी हाश्शहुश्श करत तो दांडा साखळीला टांगला आणि अंगणात असा भपकारा सुटला की चहा टाकायला गेलेली मी नाक धरून बाहेर आले. दोराच्या ड्रमखाली उंदरानं घर केलं होतं. चिंध्या, केस, जुनं ग्रीस, सगळ्यांचा मिळून एक काळा गोळा, आणि आत तो उंदीर, कधीचा मेलेला कोण जाणे.

"शी, शी, शी! शेठ, हे काय माणसांनी करायचं काम आहे?"

"म्हणून तर तुमच्याकडे आणलं," शेठ हसले. आपण काय बोललो हे त्यांना कधी कळतच नाही. "परवा दुपारी गिऱ्हाईक येतंय. विहिरीवाला मुकादम आहे, पुढच्या आठवड्यात त्याचं काम सुरू होतंय. तोपर्यंत नवरीसारखी नटवा."

टेंपो गेला. यांनी डिझेलचा डबा काढला आणि तोंडाला फडकं बांधून ड्रमला भिडले. मी दांडा घेतला. ऊन चढत होतं, वारा पडला होता, आणि ग्रीस उन्हानं पातळ होऊन कोपरापर्यंत ओघळत होतं. माश्या नुसत्या घोंगावत होत्या. मी तोंडानं शिव्या देत होते आणि हातानं पटाशी मारत होते. दोन्ही एका तालात चालतं माझं.

बुडाशी पोचले तेव्हा दुपार झाली होती. उजव्या कानाच्या मुळाशी पिवळा रंग फुगला होता. पटाशी लावली, खपली उडाली. खाली तांबडा प्रायमर. तोही उडाला. त्याच्या खाली गुलाबी.

मी थांबले. आधी वाटलं, उन्हानं डोळे फिरले. नखानं खरवडून बघितलं. गुलाबीच. खडू आणि तेल, वर चिमूटभर तांबडा. मी पटाशीचं टोक आत घातलं आणि तो गुलाबी पट्टा वडीसारखा उचकटून हातात आला. त्याच्या खाली चीर होती. कानाच्या या टोकापासून पार मधल्या भोकापर्यंत, चांगली वीतभर. फडकं मारलं तर चिरेतून काळं तेल पाझरलं.

"अहो," मी म्हटलं. यावेळी ओरडले नाही. "हे बघा."

हे आले. वाकले. बघितलं. आणि बघितल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, तेव्हाच मला सगळं कळलं.

"ही तुमची लांबी आहे."

"असेल."

"असेल म्हणजे? दुसरा कोण गुलाबी भरतो?"

त्यांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "तीन वर्षांपूर्वी गॅरेजात आली होती ही. तेव्हा निळी होती. शेठनीच आणलेली. तेव्हा चीर नखाएवढी होती गं. शेठ म्हणाले, नंतर वेल्डिंग मारून घेतो, आत्ता गिऱ्हाईक दारात आहे, तेवढी बुजवा."

"आणि तुम्ही बुजवलीत."

"माझं काम रंगाचं."

"विहिरीत माणसं असतात, माहीत होतं ना?"

"चालली ना तीन वर्षं?" ते एकदम आवाज चढवून म्हणाले. "कुणाला काही झालं का? उगाच राईचा पर्वत करतेस."

काय सांगू तुम्हाला, मला त्या क्षणी उंदराची घाण बरी वाटली. दूध रंगलं, कपडे रंगले, कोंबडी रंगली, मी इतके दिवस बोंबलत राहिले ती या वरवरच्या रंगावरून. हा माणूस चोख आहे, हात सरळ आहे, या एका गोष्टीवर मी ते सगळं गिळत आले. ओल्या लोखंडावर रंग मारत नाही म्हणून मी शेजारणींत कॉलर ताठ करून सांगायचे. आणि हा फुटलेल्या लोखंडावर मारून मोकळा झाला! ज्या हातानं भरलं त्याच हातानं त्या दिवशी जेवला असेल माझ्या पानावर, आणि मी वाढलं असेल.

मी पटाशी तिथेच टाकली. "मी पुढे हात लावणार नाही. शेठना बोलवा."

शेठ संध्याकाळी आले. चीर बघून त्यांच्या कपाळाला आठीसुद्धा पडली नाही.

"अरेच्चा, वाढली की," एवढंच म्हणाले. मुलाची उंची वाढल्यासारखं. "बरं, भरून टाका. जरा जाड भरा."

"शेठ, वेल्डर बोलवा," मी म्हटलं. "कान बदला. नवा पत्रा लावा."

"वहिनी, त्याला चार दिवस जातात. कान काढायचा, नवा कापायचा, भोक पाडायचं. गिऱ्हाईक परवा येतंय."

"मग गिऱ्हाइकाला सांगा चीर आहे म्हणून."

"तुम्ही पण काय!" ते हसले. "सांगून कोण विकतं? आणि मी काय कुणाला विहिरीत ढकलतोय का? घेणाऱ्यानं बघून घ्यावं. डोळे दिलेत ना देवानं."

"डोळ्यांना दिसू नये म्हणून तर आमच्याकडे आणता!"

शेठनी माझ्याकडे पाठ केली आणि यांच्याशी बोलायला लागले. "रंगारी, तुमचं काय म्हणणं? नसेल जमत तर सांगा. पलीकडच्या गावात एक पोरगा नवीन गन घेऊन बसलाय. विचारतच असतो."

हे खाली बघत होते. पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढत होते. मला वाटलं आता बोलतील, आता बोलतील. शेवटी म्हणाले, "जमतंय. न जमायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच खडू कुटला, तेल ओतलं, तांबडा टाकला आणि पाटावर लांबी मळायला बसले. मी दारात उभी राहून बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. चिरेतलं तेल डिझेलनं धुतलं, कापसाच्या बोळ्यानं टिपलं, कान उन्हाकडे फिरवून वाळवला. चोख! सगळं चोख! चीर बुजवायलासुद्धा इतकी निगुती की मला ओकारी यावी. बोटानं लांबी दाबली, पातीनं सपाट केली, सुकल्यावर ओला पॉलिशपेपर फिरवला. डोळे मिटून वरून बोट फिरवलं असतं तरी कळलं नसतं. मग प्रायमर. मग जमिनीवर पाणी शिंपडलं आणि गन हातात घेतली.

पिवळा रंग बसला तेव्हा दांडा इतका देखणा दिसत होता, की येणारे जाणारे कुंपणापाशी थांबून बघत होते. "वा रंगारी," म्हणत होते. हे हो ला हो करत होते. त्या दिवशी मी त्यांचं ताट वाढून ठेवलं आणि आत जाऊन बसले. ते एकटेच जेवले. म्हणजे चिवडत बसले, निम्मं कोंबडीनं खाल्लं.

तुम्ही म्हणाल, तू का नाही बोललीस, का नाही धरलास हात? खरंय. मीही शेठच्या कामावरच जेवते ना. रात्रभर हेच डोक्यात. यांची घाण वाटते म्हणावं तर तीच घाण माझ्या नखांत आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुकादम आला. पांढरे स्वच्छ कपडे, खिशाला पेन, आवाज विहिरीत पोचेल असा मोठा. बरोबर शेठ, आणि मागून एक बाई. मुकादमाची भावजय. धाकट्या भावाची बायको. ती कुंपणापाशीच थांबली होती, मी तिला आत बोलावलं आणि पाणी दिलं.

तांब्या धरायला तिनं हात पुढे केले. तळवे दगडाचेच झाले होते म्हणा, बोटं वाकलेली, दोन नखं काळी पडलेली. मी माझे हात बघत होते, तिनंही माझे बघितले, आणि दोघी हसलो.

"तुम्हीपण विहिरीवर असता?" मी विचारलं.

"विहिरीवर भाऊजी असतात," ती म्हणाली. "आम्ही विहिरीत. मी आणि आमचे हे. ते फोडतात, मी बादली भरते."

"आणि बादली वर जाते तेव्हा?"

"तेव्हा भिंतीला चिकटून उभं राहायचं. वर बघायचं नाही, डोळ्यांत माती पडते." पाणी पिऊन तिनं तांब्या पालथा ठेवला. "आधीची यारी करकर वाजायची. मी म्हटलं, भाऊजी, नवी घ्या, त्याशिवाय मी उतरत नाही. म्हणून मला दाखवायला आणलंय. चांगली आहे का हो? तुमच्याच घरात झालीये, तुम्हाला माहीत असेल."

काय उत्तर देऊ सांगा? खोटं बोलायला तोंड उघडलं असतं तर त्यातून त्या उंदराचाच वास आला असता. मी उठले, कोनाड्यातली पटाशी आणि हातोडी घेतली आणि तिला म्हटलं, "चला, दाखवते."

शेडमध्ये शेठ दांड्यावर हात फिरवत बोलत होते, "बघा मुकादम, कंपनीतून आल्यासारखी." हे बाजूला गन पुसत उभे होते. मी सरळ बुडापाशी गेले, पटाशी टेकवली आणि हातोडी मारली. पिवळी खपली उडाली. दुसरा घाव, तांबडी. तिसऱ्याला गुलाबी वडी उचकटून खाली पडली.

"वहिनी!" शेठ किंचाळले. "वेड लागलं का? अहो रंगारी, धरा तिला!"

यांनी धरलं नाही. जागेवरून हललेच नाहीत.

"हे बघा," मी मुकादमाला म्हटलं. "वीतभर आहे. तीन वर्षांपूर्वी नखाएवढी होती."

मुकादम वाकला. चिरेत नख घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मला वाटलं, आता हा शेठची गचांडी धरतोय. तो सरळ झाला, हात झटकले आणि शेठकडे बघून मिशीत हसला.

"शेठ, आता भाव बोला."

मला कळेचना. पण शेठना लगेच कळलं. मेलेला चेहरा टवटवीत झाला. दोघं बाजूला झाले, हातवारे सुरू झाले, निम्म्यावर आणा, निम्म्यावर कसं, बघा तुम्हीच, वेल्डिंग तर मला करावं लागणार, करा हो निवांत कधीपण. माझ्या डोळ्यांदेखत त्या चिरेचा सौदा झाला. मुकादम आनंदानं यांच्याकडे वळला.

"रंगारी, एवढा पट्टा परत भरून द्या. वरून एक पिवळा हात. माझी माणसं जरा हळव्या काळजाची आहेत, हे बघितलं तर उतरायची नाहीत."

त्याची भावजय माझ्या मागेच उभी होती. हा मेला तिला विसरूनच गेला होता! ती पुढे झाली. बुडापाशी वाकली, ती काळी बोटं चिरेवरून फिरवली, तेलाचा वास घेतला. मग मुकादमाकडे तोंड करून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, यंदा खाली तुम्ही उतरा. वर ब्रेकवर मी बसते."

मुकादमाचा चेहरा लालेलाल.

"मी? माझं गुडघ्याचं दुखणं माहीत आहे ना तुला?" मग शेठकडे बघून उसनं हसला. "बायकांचं काय मनावर घ्यायचं. शेठ, ठरलं आपलं. हिला घरी माझा भाऊ समजावेल."

"ठरलं," शेठ म्हणाले. "रंगारी, घ्या भरायला."

हे गन पुसत होते ते थांबले. गन खुंटीला अडकवली. कोपऱ्यात मोठा घण होता, अडकलेले खिळे काढायचा, तो उचलला. मला वाटलं, आता कुणाचं तरी डोकं फुटतंय. पण ते दांड्याच्या बुडाशी गेले, पाय फाकवून उभे राहिले आणि कानावर घण घातला.

"अहो! अहो रंगारी!" शेठ धावले, पण घणाच्या जवळ कोण जाणार? दुसरा घाव. पत्रे हादरले, कोंबडी ओरडत कुंपणाबाहेर पळाली. तिसरा. चौथ्या घावाला तडतडलं आणि पाचव्याला तो बोटभर जाडीचा कान मुळापासून तुटून जमिनीवर पडला.

भावजयीनं तो उचलला. तुटलेल्या कडेला चारातले तीन भाग काळा जुनाट गंज होता, त्यात खोलवर गुलाबी लांबी शिरलेली. चकचकीत पांढरं लोखंड फक्त एका टोकाला, दोन बोटं रुंद. एवढ्यावरच सगळं लटकलं होतं.

"हे बघा," ती म्हणाली आणि कान मुकादमाच्या पायाशी ठेवला. मुकादमानं बघितलं. दोन बोटं म्हणजे किती हे त्यालाही कळत होतं. तो खाली बसला आणि पांढरे कपडे मातीत मळले तरी उठला नाही.

शेठ मात्र बोलतच होते. मालाची नासधूस, भरपाई, पोलीस, आजपासून तुमच्या दारात माझा एक नट येणार नाही. हे घणावर हात टेकून धापा टाकत उभे होते.

"न्या ही," ते म्हणाले. "आता नवा कान लावल्याशिवाय उभी राहायची नाही. हे काही लांबीनं भरत नाही."

संध्याकाळपर्यंत सगळे गेले. जाताना त्या बाईनं माझा हात नुसता दाबला. अंगण एकदम रिकामं झालं. साखळी तेवढी लोंबत होती. हे उंबऱ्यावर बसले होते, पिवळे हात मांडीवर टाकून. मला बघून म्हणाले, "आता तरी बोल की माझ्याशी. मोडली ना?"

शाबासकी हवी होती त्यांना. लहान पोरासारखा चेहरा केला होता. आणि एकीकडून मला त्यांच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटत होता, खोटं नाही बोलत. पण तिच्या त्या काळ्या नखांची आठवण झाली.

"ही एक मोडली," मी म्हटलं. "अशा अजून किती भरल्यात?"

त्यांनी अंगठ्यानं करंगळी धरली. खडीयंत्राचा जबडा, पुटपुटले. मग पुढचं बोट. कालव्यावरची यारी. गिरणीचं चाक. एक हात संपला. दुसरा सुरू झाला. तिसऱ्या बोटाशी थांबले, पुन्हा आठवायला लागले, आणि चौथं बोट धरलं.

मी घडवंचीवरची पटाशी घेतली, हातोडी घेतली, दोन्ही पिशवीत टाकली.

"उठा," मी म्हटलं. "अजून उजेड आहे. सगळ्यात जवळची कुठे आहे?"